दोर आधी धोंड्याला बांधायचा

शिवऱ्याला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. गाडी घेऊन डोंगरात मुक्कामाला निघालेली पुण्याची मंडळी भोरकडे वळायच्या आधी माझ्याकडे थांबतात. कुणाला टपावर तंबू बसवून हवा असतो, कुणाला वरातीत शोभतील इतके दिवे. कुणी जाडजूड टायर बघूनच खूश होतो आणि दगडातून जाताना त्यात हवा किती ठेवायची, हे मात्र विचारत नाही. मी मागतील ते बसवून देत आलो. चांगलं काय आणि दिखाऊ काय हे मला कळत नव्हतं असं नाही, पण गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. ती मला हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यातल्या भामाबाईंनी शिकवली, आणि शिकवताना अजिबात माया दाखवली नाही.

भामाबाई साठीच्या आसपास असतील. अंगाने काटक, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर काळी घोंगडी, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची म्हैससुद्धा मान वळवते. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर जाणारी कच्ची वाट त्यांच्या खाचरातून चढते. वाटेवर त्यांचं बांबूचं फाटक आहे. फाटकाशेजारी म्हशींना पाणी पाजायची दगडी डोण आहे, आणि डोणीच्या पुढे बसलेल्या म्हशीएवढा एक धोंडा, निम्मा जमिनीत रुतलेला.

वर जायचं असेल तर सामान आधी भामाबाईंना दाखवायचं. दाखवायचं म्हणजे नुसतं काढून समोर ठेवायचं नाही. बॅटरी असेल तर ती डोणीत बुडवायची आणि बाहेर काढून लावून दाखवायची. गॅसची शेगडी असेल तर बांधावर, वाऱ्याच्या तोंडाला ठेवून तिच्यावर चहा उकळून दाखवायचा. तो चहा मग भामाबाई पितात. तंबू असेल तर मालकाला आत बसवून वरून दोन घागरी पाणी ओतायचं. एकदा एक गृहस्थ आतून चिंब होऊन बाहेर आले आणि तावातावाने सांगू लागले, की हा तंबू हिमालयात जाऊन आलाय. भामाबाईंनी घागर खाली ठेवली आणि त्यांना विचारलं, हिमालयात गेला तेव्हा आत कोण होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा दोर. रुतलेली गाडी ज्याने ओढून काढायची तो दोर, पट्टा, साखळी, जे काही असेल ते रात्रभर डोणीत भिजायला टाकायचं. सकाळी एक टोक धोंड्याला, दुसरं टोक मालकाच्याच गाडीला, मधे दोरावर भामाबाईंची ओली घोंगडी, आणि माणसं सगळी बांधाच्या मागे. मग गाडीने ओढायचं. चाकं जागच्या जागी फिरून माती उडवायला लागली आणि दोर शाबूत राहिला, की फाटक उघडलं. दोर तुटला तर आल्या वाटेने परत. तुटला तरी तो उसळून कुणाच्या अंगावर येत नाही, ओल्या घोंगडीचं वजन त्याला खाली पाडतं. कोरडे दोर सगळेच चांगले असतात, असं त्यांचं म्हणणं. भिजला की त्याचा स्वभाव कळतो.

ही पद्धत त्यांनी माहेराहून आणली. माहेर वेल्ह्याकडचं, तिथल्याही डोंगरावरच्या धनगरवाड्यातलं. गुरं घेऊन दुसऱ्या डोंगरावर मुक्काम हलवायचा असला, की आदल्या दिवशी घरातली झाडून सगळी दावी डोणीत पडायची आणि दुसऱ्या दिवशी दोघादोघांनी ती दगडाला अडकवून ताणायची. एखादं तुटलं की भामाबाईंची आई म्हणायची, "बरं झालं, दारात तुटलं." कड्यावर तुटलं असतं तर म्हैस गेली असती, असा त्यातला हिशेब. लहानपणी त्यांना तो खेळ वाटायचा. लग्न होऊन हिर्डोशीला आल्यावर इकडे कुणी असं करत नाही म्हणून त्यांनीही सोडून दिला होता.

तो परत सुरू झाला त्याला कारण मी आहे. हे सांगायला मला आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

पाच वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका पाहुण्याची गाडी त्यांच्या खालच्या ओढ्यात रुतली. भामाबाईंचे मालक भिमातात्या कुणाचंही अडलेलं काम दिसलं की हातातलं टाकून धावणारे. तेही धावले. गाडीवाल्याकडे पट्टा होता आणि पट्ट्याला लालभडक रंगाचा लोखंडी आकडा होता. तो आकडा त्याने माझ्याकडून नेला होता. मी त्याला साधा, काळा, बोजड आकडा दाखवला होता, पण त्याला लालच हवा होता, गाडीवर शोभतो म्हणून. रंगाखाली लोखंड कच्चं आहे हे मला हातात धरल्यावरच कळलं होतं. तरी गिऱ्हाईक नाराज नको म्हणून मी तो दिला, वर शाबासकी दिल्यासारखा हसलो. ओढताना तो आकडा उलगडला आणि सुटून तात्यांच्या उजव्या खांद्यावर बसला. हाडं जुळली, पण हात तेव्हापासून लोंबतो तो लोंबतोच.

तात्यांचा हात म्हणजे काय होता हे त्या खोऱ्यात विचारा. घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे धागे काढून ते दोर वळायचे. त्यांच्या दोराला बांधलेलं जनावर सुटलं असं कुणी म्हणायचं नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी एक तिपेडी दोर वळला होता, मनगटाएवढा जाड आणि चांगला लांब. तो त्यांच्या हातचा शेवटचा. भामाबाईंनी तो घरात खुंटीला टांगला. पुढे जेव्हा जेव्हा कुणाची गाडी रुतली तेव्हा तेव्हा त्या तोच दोर घेऊन गेल्या आणि बैलजोडी नाहीतर दहा-वीस माणसं लावून गाडी वर काढली.

मी त्यांच्या ओट्यावर जाऊन आकड्याचं खरं सांगितलं, तेव्हा तात्या म्हणाले, होतं असं.  पण त्यानंतर वर्षभर भामाबाईंनी मला चहा विचारला नाही, आणि त्याच महिन्यात ते फाटक उभं राहिलं.

गेल्या हिवाळ्यात मानसिंगने मोठा घाट घातला. मानसिंगचं घाटरस्त्याला हॉटेल आहे आणि गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. पुण्याच्या एका मंडळाच्या वीस गाड्या सड्यावर नेऊन मुक्काम करायचा असं ठरलं. मंडळाची प्रमुख सुप्रिया नावाची तिशीतली इंजिनिअर. जुनी जीप स्वतः चालवणारी, शांत मुलगी. एका कंपनीने वीसच्या वीस गाड्यांना नवे कोरे दोर दिले होते. पाकिटं बंद ठेवायची, वर सड्यावर सगळ्यांनी एकदम फोडायची आणि फोटो काढायचे, असं कबूल झालं होतं. आदल्या दिवशी दुपारी मानसिंग आणि सुप्रिया वाट बघायला आले. वाटेत गाड्या बिघडल्या तर असाव्यात म्हणून मी आणि माझी जीपही बरोबर होतो.

भामाबाईंनी सांगितलं, पाकिटं फोडा आणि दोर डोणीत टाका.

मानसिंगने आधी गोड बोलून पाहिलं. हे साधेसुधे दोर नाहीत, किती वजन पेलतात त्याचा कागद बरोबर आहे, असं त्याने समजावलं.

"कागद गाडीला बांधून वढणार हायस का?" भामाबाई म्हणाल्या.

मग मानसिंगचा तोल सुटायला लागला. बाईंच्या हट्टापायी गावात येणारी माणसं पळतील, असं तो म्हणाला. पलीकडच्या ओढ्याने जेसीबी लावून दुसरी वाट काढायला आपल्याला एक दिवस पुरेल, असंही म्हणाला. भामाबाई फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या. काढ म्हणाल्या. सुप्रिया काहीतरी बोलणार तेवढ्यात मानसिंगने त्यांच्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"काकी, सगळ्या दुनियेचं दोर ताणताय. तुमचा सवताचा कवा ताणलाय का?"

मी मान खाली घातली. कारण तो दोर कधीच ताणलेला नव्हता. पाच वर्षांत शंभर दोर त्या डोणीतून गेले असतील, पण खुंटीवरचा एकदाही नाही. कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही.

"तो ह्यांच्या हातचा हाय," भामाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"मंग ह्ये कंपनीच्या हातचं हायत."

बिनतोड होतं ते. मला मानसिंगचा राग आला. मानसिंगने लगेच पैज मांडली. तात्यांचा दोर टिकला तर वीसही दोर भिजत पडतील. तुटला तर काकींनी फाटक उघडायचं आणि पुन्हा म्हणून कुणाला अडवायचं नाही. ओढायचं माझ्या जीपने. भामाबाईंनी ओट्याकडे बघितलं. तात्या डाव्या हाताने लोंबता हात मांडीवर नीट ठेवत होते.

"भामे," तात्या म्हणाले, "भिजत घाल."

भामाबाईंनी आत जाऊन दोर आणला आणि सगळ्यांसमोर डोणीत सोडला.

मानसिंग आणि सुप्रिया गेल्यावर मी मागे रेंगाळलो. उन्हं कलली होती, म्हशी परत येत होत्या आणि डोणीत दोर बघून पाणी न पिता फुरफुरत होत्या.  तात्यांचा हात एकदा माझ्यामुळे गेला होता, आता त्यांच्या हाताची शेवटची खूण माझ्याच जीपने तुटायची होती. मी भामाबाईंना हळूच म्हणालो, सकाळी ओढणार मीच आहे, क्लच थोडा हलका सोडला तर कुणाला कळणार नाही. चाकं फिरवून दाखवतो, दोरावर पुरा ताण येऊ देत नाही.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला जीपखाली शिरावंसं वाटलं.

"गोरख, तो लाल आकडा दिलास तवाबी तू असाच चांगुलपणा केला व्हतास."

एवढं बोलून त्या चुलीकडे गेल्या. चहा मात्र दिला, त्यामुळे मला जास्तच लाजल्यासारखं झालं.

सकाळी वीस गाड्या खाचरात ओळीने लागल्या. काय एकेक थाट. टपावर तंबू, तंबूवर दिवे, दिव्यांवर जाळी. मंडळी हातात मोबाईल धरून बांधामागे उभी राहिली, कारण मानसिंगने रात्रीच सगळ्यांना पैज सांगून ठेवली होती. भामाबाईंनी दोर डोणीतून काढला, स्वतः धोंड्याला गाठ मारली, दुसरं टोक माझ्या जीपला बांधलं आणि मधे ओली घोंगडी टाकली. सुप्रिया ती घोंगडी निरखून बघत होती. आम्ही याच कामासाठी वेगळी पिशवी विकत घेतो, असं ती शेजारच्याला सांगत होती.

मी पहिला गिअर टाकला. दोर ताणला गेला, त्यातून पाणी पिळून निघालं आणि जीप थांबली. चाकं फिरली नाहीत, कारण मीच घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला होता. आरशात भामाबाई दिसत होत्या. त्यांनी हात वर करून मला पुढे जायची खूण केली. मी दात आवळले आणि क्लच पूर्ण सोडला.

आवाज फार मोठा झाला नाही. लाकडाची ढलपी निघावी तसा झाला. घोंगडी हातभर उडाली आणि तिथेच पडली. जीप पुढे जाऊन थांबली आणि मी उतरून मागे आलो.

दोर मधोमध तुटला होता. बाहेरून सोन्यासारखा वाख आणि आतून पेड काळे पडलेले, चिमटीत धरले तर चुरा होईल असे. पाच पावसाळे तो भिजून तसाच खुंटीला लागला होता. भामाबाई ते टोक हातात घेऊन धोंड्यावर बसल्या.  मला वाटलं त्या रडतील, आणि रडल्या असत्या तर मीही रडलो असतो.

तात्या ओट्यावरून उतरून आले. डाव्या हाताने त्यांनी ते काळे पेड चाचपले, बोटं एकमेकांवर चोळली.

"बरं झालं," ते म्हणाले. "दारात तुटला."

भामाबाई उठल्या. चालत फाटकापाशी गेल्या आणि ते सताड उघडून बाजूच्या कुंपणाला बांधून टाकलं. मग मानसिंगकडे वळल्या. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

"शबुद दिला व्हता, पाळला. फाटक उघडं हाय, जायाचं त्यानं जावं. पर माजा दोर तुटला म्हंजे धोंडा खोटा पडला असं समजू नगंस. पाच वरसं ह्या दोराला म्या लोकांची लेकरं वढायला लावली. धोंडा नसता तर म्होरली पाच बी लावली असती."

मानसिंगने गाड्यांना पुढे यायची खूण केली. एकही गाडी सुरू झाली नाही. एकाने चावी फिरवली आणि शेजारच्यांची तोंडं बघून परत बंद केली. तेवढ्यात सुप्रिया तिच्या जीपमधून बंद पाकीट घेऊन आली. तिने ते दातांनी फाडलं, कोरा निळा दोर बाहेर काढला आणि डोणीत सोडला. आजचा दिवस इथेच थांबतो, असं ती मंडळींना म्हणाली. कंपनीच्या फोटोचं काय, असं मानसिंगने विचारलं. ओल्या दोराचा काढू, असं तिने सांगितलं. मग एकेक माणूस पाकीट घेऊन पुढे आला. डोण भरली, दोर मावेनात, तेव्हा तात्यांनी घरातलं घंगाळ आणि दोन टिपाडं बाहेर काढून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोर ताणणं चाललं. माती उडत होती, चाकं फिरत होती, भामाबाई एकेकाला मान हलवून सोडत होत्या. एकोणीस दोर टिकले, आणि नुसते टिकले नाहीत, उत्तम टिकले. विसाव्याच्या टोकाला असलेली शिवण उसवली आणि तो धोंड्यावरून सुटून आला. घोंगडीने त्याला धरून जमिनीवर पाडलं.

मानसिंग सकाळपासून मोजत होताच. त्याने हात पसरले. "एकोणीस टिकले की, काकी."

"टिकले. चांगलेच हायत," भामाबाई म्हणाल्या. "आता त्या इसाव्याजवळ कोण हुबा राह्यला असता, त्याचं नाव सांग."

मानसिंगची नजर तात्यांच्या लोंबत्या हाताकडे गेली आणि तिथून ती त्याला हलवता येईना. नंतर तोच माणूस उसवलेला दोर गुंडाळून गाडीत टाकायला गेला. जेसीबीचा विषय त्याने परत काढलेला नाही.

फाटक तेव्हापासून उघडंच असतं. दिलेला शब्द मोडायला भामाबाई तयार नाहीत. गाड्या तरीही डोणीपाशी थांबतात. सगळ्याच थांबतात असं नाही, काही हॉर्न वाजवत तशाच वर जातात, आणि भामाबाई त्यांच्या मागून जे काही ओरडतात ते इथे लिहिता येणार नाही. माझ्या गॅरेजसमोर आता एक टिपाड पाण्याने भरलेलं असतं आणि जुन्या विजेच्या खांबाचा बुंधा जमिनीत पुरलेला आहे. लाल आकडा मागायला अजूनही माणसं येतात. मी नाही म्हणतो, ती रागावून पुढच्या दुकानात जातात, जाऊ देत.

तुटलेल्या दोराची न कुजलेली टोकं भामाबाईंनी कापून शेळ्यांना दावी केली. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा नवराबायको ओट्यावर समोरासमोर बसले होते आणि मधे वाखाचा ढीग होता. तात्या डाव्या हाताने पेड धरून पीळ सांगत होते आणि भामाबाई तो भरत होत्या. पीळ कुठे सैल, कुठे आवळलेला पडत होता आणि त्यावरून दोघांचं भांडण चाललं होतं. नवा दोर हातभरच झालाय. पुरा व्हायला दिवाळी उजाडेल असं तात्या म्हणाले.

पुरा झाला की तोही डोणीत पडणार आणि धोंड्याला लागणार. ओढायला मला बोलावलंय. क्लच कसा सोडू, हे या वेळी मी विचारलं नाही.